मुद्रित पान आणि समीक्षेचे मौन

मराठी समीक्षेने 'अंतरंग' आणि 'बहिरंग' अशी जी वाटणी करून ठेवली आहे, तिचा मोठा फटका मुद्रित पानाला बसला आहे. खिळ्याचा आकार, ओळीची लांबी, समास, दोन कडव्यांमधील जागा हे सारे प्रकाशकाच्या आणि मुद्रकाच्या हिशेबातले विषय. समीक्षकाचा संबंध 'संहिते'शी, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ही वाटणी सोयीची असली तरी खोटी आहे, आणि तिच्यापायी संहिताच आपल्या हातून निसटते आहे.

मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम सांगितले : संवाद, विरोध आणि समतोल. ग्राफिक डिझाइनच्या कोणत्याही प्राथमिक पाठात याच तत्त्वांची भेट होते. अक्षरांच्या वजनातील व आकारांतील विरोध, एका जातीच्या घटकांमधील सुसंवाद, छापील आणि कोऱ्या जागेचा तोल यांवरच पानाची रचना उभी राहते. परंतु हे नियम साहित्याला लावताना मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम अर्थाच्या आणि भावनेच्या बाजूला शोधले. त्यांच्या सिद्धांतावर पुढे पुष्कळ वाद झाले. पान ही डोळ्यांना दिसणारी रचना आहे, हा प्रश्न मात्र त्या वादांच्या केंद्रस्थानी आला नाही. ज्या सौंदर्यशास्त्राजवळ पान वाचण्याची साधने तयार होती, त्याच्याच वारसांनी पानाकडे पाठ फिरवावी, यास काय म्हणावे?

आता इतिहासाची साक्ष काढू. हस्तलिखित पोथीत मजकूर सलग वाहतो. ओवी कोठे संपली हे दंड आणि आकडा सांगतात. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा दगडावरून हस्ताक्षराचीच प्रतिकृती उठत होती. खिळ्यांच्या छपाईने हा व्यवहार बदलला. जुळाऱ्याला शब्दाशब्दांत कोरा खिळा घालावा लागतो, ओळीओळींत शिशाची पट्टी सरकवावी लागते. छापील पानावरची कोरी जागा ही अशी धातूची असते. ती कोणीतरी ठरवून घातलेली असते. ओवी-अभंगांचे चरण सुटे होऊन ओळींच्या रूपात उभे राहिले ते या व्यवहारात. 1850 मध्ये मेजर कँडींनी विरामचिन्हांची परिभाषा मांडली आणि श्वासाच्या जागीही छापील खुणा रूढ होत गेल्या. अभंग वारकऱ्याच्या कंठात आहे, त्याला पान कशाला, असा आक्षेप येईल. कंठाला पान नको हे मान्य. परंतु समीक्षक चरणांच्या बांधणीविषयी लिहितो तो बहुधा छापील गाथा समोर ठेवून. जे पाहून लिहायचे, तेच पाहिल्याचे नाकारायचे, हा कोणता न्याय?

याहून ठळक उदाहरण अनुस्वाराचे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तोवर 'काम केलें' आणि 'प्रयत्न केले' यांतील नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन डोळ्यांना वेगळे दिसत होते. आता दोन्ही 'केले'. उच्चारात नसलेला हा अनुस्वार केवळ पानावर जगत होता. संहिता म्हणजे निव्वळ अर्थ असेल, तर त्याच्या जाण्याने काही बिघडले नाही असे म्हणावे लागेल. आणि बिघडले असेल, तर पान हा संहितेचाच भाग ठरतो. तिसरा मार्ग नाही. नियम योग्य होता की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. जुन्या ग्रंथांच्या पुनर्मुद्रणांत हा बदल अनेकदा मुकाट्याने केला जातो, आणि त्याच प्रतींवरून आपण लेखकाच्या 'भाषाशैली'चे प्रबंध लिहितो, हा प्रश्न आहे.

मुद्रण हे स्फटिकाच्या पेल्यासारखे असावे, मद्य दिसावे, पेला दिसू नये, असे बीट्रिस वॉर्ड यांनी 1930 मध्ये प्रतिपादन केले होते. आपले समीक्षक वॉर्डबाईंचे नाव न घेता त्यांचेच मत पाळतात. परंतु त्या बोलत होत्या मुद्रकांशी. पेला घडवण्यास केवढे कसब लागते, हेच त्यांना सांगायचे होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने घडवलेले अक्षरवळण आपल्या डोळ्यांत इतके मुरले की, देवनागरी अशीच असते असे वाटू लागले. पारदर्शकता ही सवयीने येते. सवय कशी घडली हे तपासण्याचे काम समीक्षेने सोडले, तर ते करायचे कोणी?

सवय मोडली की पान दिसू लागते. अरुण कोलटकर व्यवसायाने ग्राफिक कलावंत होते. त्यांच्या 1976 च्या इंग्रजी 'जेजुरी'त शेवटाकडे ज्वारीच्या शेतात कोंबड्यांचे नाचणे येते, तेथे शब्दच पानावर वरखाली उड्या मारतात. ही ओळ सरळ जुळवून छापली तर शब्द तेच राहतील, कविता राहणार नाही. याला बहिरंग म्हणणाऱ्याने अंतरंग कोठे सुरू होते ते दाखवावे.

साधने नाहीत, ही सबबही चालणार नाही. अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणाचा इतिहास 1958 मध्ये आला, बापूराव नाईकांचे देवनागरीच्या अक्षरमुद्रणावरील काम 1971 मध्ये. समीक्षेने ते 'मुद्रणेतिहास' म्हणून बाजूला ठेवले. आज जुनी पुस्तके संगणकावर नव्याने टंकित होत आहेत. पानाचे छायाचित्र घेतले तर पान निदान डोळ्यांपुढे राहते. नुसता मजकूर उतरवला तर ओळ, समास, जुने लेखन हे सारे एका क्षणात सपाट होते, आणि पुढच्या अभ्यासकाला काही हरवले आहे याची शंकाही येत नाही. म्हणून एम.ए.च्या विद्यार्थ्याने उताऱ्याखाली आवृत्ती आणि वर्ष लिहावे, प्रबंधाने पहिल्या आवृत्तीशी प्रत ताडून पाहावी, संपादकाने लेखन बदलले असल्यास तसे सांगावे, एवढी तरी अट विद्यापीठांनी घालावी. ती जाचक वाटत असेल, तर संहितानिष्ठ समीक्षेचा अभिमान आपण कोणत्या संहितेच्या बळावर मिरवतो आहोत, याचे उत्तर आधी द्यावे.