सोलर घ्या, पण तार तोडू नका



मागच्या आठवड्यात गव्हाच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं. खाली निम्म्या लोकांनी गहू सोडून एकच विचारलं, "सोलर पंप घ्यावा का?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. हे माझं मत आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर खाली भांडा.

आधीच सांगतो, मी सोलरच्या विरोधात नाही. रात्री बारा-एकला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्याला दिवसाच्या विजेचं मोल सांगावं लागत नाही. साप, विंचू, आता बिबट्या, आणि ओल्या हातानं पेटीतला फ्यूज बसवायचा. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, यात आपली अर्धी जिंदगी गेली. वीज दिवसा मिळाली पाहिजे, आणि ती उन्हापासूनच मिळू शकते, यात वाद नाही. वाद आहे तो कशी मिळावी यावर.

सरकारनं सध्या दोन वाटा धरल्यात.

पहिली वाट म्हणजे प्रत्येकाच्या विहिरीवर वेगळा सोलर पंप. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची, आणि आपल्या राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ ची. आपण १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याच्या वर साडेसात. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा कंपनीकडं.

दुसरी वाट म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी. सबस्टेशनजवळ सोलरचा प्लांट उभा करायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरवर सोडायची. आपली मोटार तीच, तार तीच, डीपी तीच, फक्त वीज दिवसा येणार. २०१७ साली ही योजना सुरू झाली, २०२३ पासून दुसरा टप्पा आहे. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला या टप्प्यातला पहिला ३ मेगावॅटचा प्लांट २०२४ मध्ये सुरू झाला.

आता मुद्द्यावर येतो. जिथं तार पोचलेलीच नाही, डोंगरकडेला, वस्तीपासून लांब, तिथं पहिली वाट चांगली. दहा-दहा वर्षं डिझेल जाळणाऱ्याला सोलर पंप म्हणजे देवच पावला. त्यानं डोळे झाकून घ्यावा. पण जिथं बांधावरून तार गेलीय, डीपी दोन खांबांवर आहे, तिथंही नवीन कनेक्शन मागितलं की सोलर पंपच पुढं केला जातो. हे मला पटत नाही. कारण सांगतो.

आपल्या भागातलं पीक बघा. खरिपात सोयाबीन, कपाशी. पाऊस बरा असला तर जून ते सप्टेंबर मोटारीला हात लागत नाही. ऑक्टोबर ते मार्च मोटार चालते. एप्रिल-मेला विहीर तळ गाठते, दिवसाला अर्धा-पाऊण तास मोटार चालली तरी खूप. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हाच पाणी नसतं. पॅनल वर तापत बसणार आणि वीज कोणाच्याच कामाची नाही.

हिशोब करू. ५ एचपीला साधारण ५ किलोवॅटचे पॅनल. एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं. म्हणजे रोजचे वीस युनिट. नुसत्या एप्रिल-मेचे बाराशे युनिट झाले. एका विहिरीचे. गावात शंभर पंप असले तर एक लाख वीस हजार युनिट. आणि त्याच दोन महिन्यांत गावात पंखे-कूलरला वीज पुरत नाही. पॅनल सरकारी पैशाचे, ऊन फुकटचं, आणि वीज वाया. याला नियोजन म्हणायचं का?

दुसरी अडचण डिसेंबर-जानेवारीची. सकाळचं धुकं, तिरपं ऊन. पंप जोरात चालतो तो दहा ते तीन. ढग आला की दाब कमी होतो. दारं धरून पाणी देणाऱ्याला चालून जातं, पण ठिबक-तुषारला एकसारखा दाब लागतो. दाब पडला की शेवटच्या झाडापर्यंत पाणीच जात नाही. त्याला उपाय आहे, उंचावर टाकी किंवा शेततळं करा, दिवसभर भरा आणि मग सोडा. पण त्याचा खर्च वेगळा. पंप देताना हे कोणी समजावून सांगत नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्ती. आमच्या शिवारात एकाचा कंट्रोलर ऐन हरभऱ्याच्या फुलोऱ्यात बंद पडला. फोनवर तक्रार घेतली, माणूस आला अठराव्या दिवशी. डीपी जळाली तर निदान वीस जण मिळून ओरडतात. सोलर पंप बंद पडला तर ओरडणारा एकटाच असतो. आणि ही पाच वर्षांच्या आतली गोष्ट. पाच वर्षांनंतर काय?

म्हणून मी म्हणतो, सोलर घ्या, पण तार तोडू नका. तार असली तर जास्तीची वीज बाहेर देता येते, कमी पडली तर आत घेता येते.

हे काही मी मनाचं सांगत नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपधारकांची सहकारी संस्था केली. पंप चालवून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकायला लागले. यातली खरी गंमत पाण्याची आहे. वीज फुकट असली की माणूस मोटार चालू ठेवून घरी जातो. आपल्याकडं ऑटो लावून हेच होतं ना? पण न वापरलेल्या युनिटचे पैसे मिळणार असले तर तोच माणूस पाणी मोजून देतो, कारण आता पाणी उपसणं म्हणजे खिशातले पैसे जाणं. भूजल वाचवायला कायदे करून झाले, भाषणं करून झाली. त्यापेक्षा हा मार्ग सोपा आहे.

आता दुसऱ्या वाटेचीही बाजू मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. फीडरवर सोलर आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. आतापर्यंत काही फीडर दिवसा, काही रात्री, असा भार वाटला जायचा. सगळे दिवसा आले की सबस्टेशनवर एकदम भार येणार. तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर वाढवला नाही तर दिवसाची वीज फक्त कागदावर. खाली डीपीचंही तेच. वीज आली की सगळ्यांचे ऑटो एकदम मोटारी चालू करतात, व्होल्टेज पडतं, मोटार गरम होते. इथं आपलंही काम आहे, प्रत्येकानं मोटारीला चालू कपॅसिटर लावला पाहिजे. शे-पाचशेचा कपॅसिटर वाचवतो आणि मोटार भरायला हजारो देतो, हे बंद करा.

जमिनीचंही बोललं पाहिजे. या प्लांटला खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. एकरी पन्नास हजार. मुरमाड रानाला हे वाईट नाही. पण गायरानावर प्लांट येणार असेल तर आधी ग्रामसभेत उघड बोलणं झालं पाहिजे. ज्याच्याकडं दोन शेळ्याच आहेत त्याचं ते रान आहे. शेजारच्या गावाच्या मोटारी दिवसा चालाव्यात म्हणून त्याच्या शेळ्या उपाशी, असं नको.

शेवटी, साडेसात एचपीपर्यंतचं बिल सध्या माफ आहे, म्हणून कोणी या विषयात डोकं घालत नाही. ती योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. त्यानंतर काय, हे आज विचारायला पाहिजे. फीडरवरची सोलर वीज तीन रुपयांच्या आसपास युनिट पडते. तो स्वस्तपणा पुढं शेतकऱ्याच्या बिलात दिसणार का नाही, हा खरा प्रश्न आहे.

ग्रामसभेत आणि पुढाऱ्याला मागायच्या चार गोष्टी लिहून ठेवा:

१. तार जवळ असेल तिथं सोलर पंप की साधं कनेक्शन, हे शेतकऱ्याला निवडू द्या.
२. तार असलेल्या भागातले सोलर पंप लाईनला जोडा आणि उरलेल्या युनिटचे पैसे द्या.
३. प्लांट मंजूर करतानाच सबस्टेशन आणि डीपीची क्षमता वाढवा, नंतर नको.
४. सोलर पंप दुरुस्तीचा माणूस तालुक्याला ठेवा. पाच वर्षांनंतरही.

ज्यांच्याकडं दोन-तीन वर्षं सोलर पंप चालू आहे त्यांनी खाली लिहा. किती एचपी, किती फूट खोल, जानेवारीत किती तास चालतो, तक्रार केल्यावर किती दिवसांत माणूस आला. खरं तेच लिहा, चांगलं असलं तरी आणि वाईट असलं तरी. नवीन घेणाऱ्याला कंपनीच्या पत्रकापेक्षा ते जास्त कामाला येईल.