घराणे फक्त त्यांचेच का?

२०२६ च्या जानेवारीत जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाला. नव्वदी ओलांडलेल्या या वारली माणसाच्या घरात आजा-पणजापासून तारपा वाजतो आहे. बातम्यांनी त्यांना 'लोककलावंत' म्हटले. आमचा प्रश्न साधा आहे. पिढ्यानपिढ्या एकच विद्या सांभाळणाऱ्या कुटुंबाला शास्त्रीय संगीतात 'घराणे' म्हणतात. मग धिंडांचे घराणे का नाही?

ही विद्या सोपी आहे म्हणून? सुकवलेला भोपळा, बांबू, ताडाची पाने आणि मेण यांतून धिंडा तारपा स्वतः घडवतात. गालात हवा धरून नाकाने श्वास घेत सूर न तोडता वाजवायचे, हे वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय जमत नाही. सूर बदलला की भोवती फेर धरलेल्यांची पावले बदलतात. हे शास्त्र नाही तर काय आहे? पण विद्येला काय म्हणायचे हे ती कोणाच्या हातात आहे यावर ठरते. नाव देण्याचा अधिकारही जातव्यवस्थेने स्वतःकडेच ठेवला आहे.

आमच्या कर्जत-खालापुरात वेगळे काय आहे? ठाकरांचे संगीत मराठी मध्यमवर्गाला १९७७ च्या 'जैत रे जैत' चित्रपटामुळे माहीत झाले. त्याचा नायक ठाकर ढोलिया. गीतकार महानोर, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर ही नावे सगळ्यांना पाठ आहेत. आता डोंगरावरच्या वाडीतल्या एका तरी खऱ्या ढोलियाचे नाव सांगा!

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. जिथे गाणे वहीत नसते, माणसाच्या गळ्यात असते, तिथे माणसांबरोबर गाणीही गाडली जातात. त्यांचा पंचनामा कोणी केला?

काही मित्र म्हणतात, आपण गावकीची हलगी सोडली तेव्हा माणूस झालो, आदिवासींनीही ढोल-तारपा सोडावा. ही तुलनाच चुकीची आहे. हलगी आपल्यावर गावकीचे काम म्हणून लादली होती, ती नाकारण्याची मुभा नव्हती. तारपा मालकाच्या दारात हात जोडून वाजत नाही, तो आपल्याच माणसांच्या मधोमध वाजतो. बाबासाहेबांनी लादलेली कामे सोडायला सांगितली, स्वतःचा आवाज सोडायला नाही. वामनदादा कर्डकांसारख्या गायकांनी चळवळ घराघरात नेली. गाण्याची ताकद आपल्याला वेगळी सांगायला नको.

म्हणून तरुण मित्रांनो, १४ एप्रिलच्या किंवा ९ ऑगस्टच्या मिरवणुकीत शोभेसाठी आदिवासी पथक नाचवायचे आणि वडापाव देऊन परत पाठवायचे, हे आता बंद करा. वाडीवर जा. वादकाचे नाव, त्याने कोणाकडून शिकले, किती पिढ्या वाजवतात, हे त्यांच्या संमतीने लिहून काढा. ध्वनिमुद्रण करा, पण त्याची मालकी वाडीकडेच राहू द्या. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेच्या सामूहिक दाव्याची कागदपत्रे तयार करायला त्यांच्यासोबत बसा. या कायद्यातील गौण वनोपजात बांबू आणि मेण यांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे तारप्याचा कच्चा माल हा आदिवासींचा कायदेशीर हक्क आहे, वन खात्याची मेहेरबानी नव्हे.

वाद्याला सरकारी मंच आणि वादकाच्या वाडीला सातबारा नाही, याला आम्ही सन्मान म्हणणार नाही.

जय भीम!