मक्ता मान्य, मक्तेदारी अमान्य!

जाहीर पत्रक

माहूर, किनवट, हदगाव, उमरखेड भागातले गॅरेजवाले मेस्त्री, आयटीआयचे विद्यार्थी आणि दुचाकीवर ज्यांचा संसार चालतो त्या सर्वांना.



खंडेनवमीला आपला मेस्त्री पाने, पकड, हातोडी पुसून मांडतो आणि त्यांना हळदकुंकू वाहतो. दुसऱ्या दिवशी नव्या गाडीला झेंडूचा हार चढतो आणि ती घाट चढून रेणुकामातेच्या पायाशी येते. अशाच गाड्यांच्या इंजिनातल्या एका जास्तीच्या प्लगवरून बजाज ऑटो आणि टीव्हीएस मोटर या दोन कंपन्या १२ वर्षे कोर्टात भांडल्या. निकाल लागला नाही. या भांडणात आपलं काय गेलं, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे.

आपल्या मराठवाड्यात शेत मक्त्याने देतात. मुदत ठरलेली, मोबदला ठरलेला. मुदतीत मक्तेदाराच्या पिकाला कोणी हात लावायचा नाही, मुदत संपली की शेत मालकाचं. पेटंट हा असाच मक्ता आहे आणि तो देणारी मालक जनता आहे. शोध लावणाऱ्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आपण सांगतो की हे तू एकट्याने कर. मोबदला म्हणून त्याने आपली युक्ती दुसऱ्याला करता येईल इतकी उघड लिहून द्यायची. मुदत सरली की ती सगळ्यांची. हा व्यवहार चोख आहे, आमचा त्याला पाठिंबा आहे. मेहनत करून नवं काढणाऱ्याची चोरी होऊ नये.

आता प्लगचं पाहा. साध्या इंजिनात एका बाजूला एक प्लग असतो. ठिणगी पडते आणि जाळ तिथून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त ठेवली तर हा जाळ रेंगाळतो. समोरासमोर दोन प्लग बसवले की जाळ दोन्हीकडून धावतो, पातळ मिश्रणही पुरतं जळतं, ॲव्हरेज वाढतं. लहान सिलिंडरच्या इंजिनात ही रचना बसवल्याचा दावा करत बजाजने १६ जुलै २००२ रोजी अर्ज केला. पल्सरवर ‘डीटीएस-आय’ ही अक्षरं आली ती याचीच. जुलै २००५ मध्ये पेटंट मिळालं, क्रमांक १९५९०४.

२००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची ‘फ्लेम’ जाहीर केली. तिच्यातही दोन प्लग होते. बजाज म्हणाली, ही आमची नक्कल. टीव्हीएस म्हणाली, आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, तंत्र ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीकडून घेतलं आहे, आणि दोन प्लगची कल्पना होंडाच्या अमेरिकी पेटंटात आधीपासून आहे. १६ फेब्रुवारी २००८ ला मद्रास उच्च न्यायालयाने टीव्हीएसला मनाई केली. फ्लेम एका प्लगवर बाजारात आली. १८ मे २००९ ला त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने मनाई उठवली. १६ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने गाडी विकू दिली, विक्रीचा हिशेब ठेवायला लावला, आणि रोजच्या रोज सुनावणी घेऊन ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत दावा निकाली काढा असं बजावलं. पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइटचे सगळेच दावे चार महिन्यांत संपवा, असाही आदेश दिला.

चार महिन्यांची दहा वर्षे झाली. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात समझोता केला आणि दावे मागे घेतले. जुलै २०२२ ला पेटंटची मुदतच संपली. पेटंट हातात आल्यापासून मुदत सरेपर्यंत १७ वर्षे, त्यातली १२ कज्ज्यात गेली.

बजाजचा शोध खरा असेल, तर तिच्या इंजिनिअरांवर १२ वर्षे अन्याय झाला. तो जुनाच असेल, तर टीव्हीएसची गाडी विनाकारण अडली आणि गिऱ्हाइकाची निवड गेली. दोन्हीपैकी काहीही खरं असलं, तरी मालकाला, म्हणजे जनतेला, आपण दिलेला मक्ता रास्त होता की नाही याचं उत्तर मिळालं नाही. समझोता दोघांत झाला. तिसऱ्याला कोणी विचारलं नाही.

काही जण म्हणतील, बजाज आपली, पुण्याची. वाळूजच्या कारखान्यात मराठवाड्याची पोरं कामाला आहेत. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण हा प्रश्न बजाजचं पुणे विरुद्ध टीव्हीएसचं होसूर असा नाही. आज एका मोठ्या कंपनीची दुसऱ्या मोठ्या कंपनीशी झुंज झाली, दोघींना वकील परवडले. उद्या किनवटच्या एखाद्या पोराने फवारणीचा पंप दुचाकीच्या इंजिनावर चालवायची नवी रीत काढली आणि कंपनीने त्याला नोटीस धाडली, तर तो १२ वर्षे तग धरेल का? लांबलेला दावा ज्याचा खिसा खोल त्याच्या बाजूने झुकतो. मक्त्याची मक्तेदारी होते ती इथे.

पेटंट दिलं म्हणून सरकार त्याच्या खरेपणाची हमी देत नाही, हे १९७० च्या पेटंट कायद्यातच लिहिलं आहे. पेटंट मिळण्याआधी कोणाही माणसाला हरकत घेता येते, हेही त्यातच आहे. पण अर्ज आणि कागद इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात. मराठीत विचार करणाऱ्या मेस्त्रीने हरकत घ्यायची कशी, आणि आपला शोध मांडायचा कसा?

म्हणून आमच्या मागण्या:

१. पेटंटच्या दाव्यांना सर्वोच्च न्यायालयाने घातलेली चार महिन्यांची मुदत कायद्यात लिहावी.

२. पेटंटचा अर्ज आणि हरकत मराठीत स्वीकारावी.

३. मुदत संपलेली दुचाकीची आणि शेती अवजारांची पेटंटं सोप्या मराठीत करून प्रत्येक आयटीआयमध्ये ठेवावीत. दोन प्लगची युक्ती आता आपली आहे, ती आपल्या पोरांना वाचता आली पाहिजे.

४. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ग्रामीण कारागिरांना पेटंटची मदत देणारी खिडकी उघडावी. महिन्यातून एकदा ती किनवट-माहूरला यावी.

मेस्त्री बंधूंनो, तुमच्यासाठी एक सूचना. काही नवं जमलं तर यात्रेत किंवा मोबाइलवर दाखवण्याआधी तारीख घालून, आकृती काढून लिहून ठेवा आणि अर्जाचा सल्ला घ्या. आधी जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट सहसा मिळत नाही.

येत्या ग्रामसभेत या चार मागण्यांचा ठराव मांडा. आमदार, खासदार गावात आले की ठरावाची प्रत त्यांच्या हातात द्या आणि पोच घ्या. या पत्रकावर कोणाचा मक्ता नाही. झेरॉक्स काढा, गॅरेजच्या भिंतीला लावा, पुढे द्या.

आपला,
रोज हा घाट दुचाकीने चढणारा एक माहूरकर