एक जूनची पिढी
कर्नाटकातल्या औराद, भालकी, आळंदकडच्या मराठी घरांत आजोबांची जन्मतारीख विचारा, बऱ्याचदा १ जूनच निघेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. त्याच आजोबांच्या नावावरच्या सिमवर आता नातू चॅटिंग करतो, आणि सरकारला त्याचं नेमकं वय हवंय. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एक्स कंपनीचं अपील ऐकताना समाजमाध्यमांना वयोमर्यादा असावी, असं तोंडी सुचवलं होतं. त्याच वर्षीच्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल ठरवून त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळणीयोग्य संमती बंधनकारक केली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीच्या कलमाचा अंमल २०२७ मध्ये. ठीक. पण इकडचे आईबाप ऊसतोडीला नाहीतर पुण्यात बांधकामावर, पोरं आजीजवळ. संमती कोण देणार? आजीच्या फोनवर आलेला ओटीपी नातूच वाचणार, नातूच टाकणार! (फोन शिकवलाही त्यानेच.) वयाची अट नकोच, असं मी म्हणत नाही. मात्र अनोळखी प्रौढाचा मेसेज मुलाच्या खात्यात पोचू न देणं कंपनीच्या हातात आहे. तिला आधी तिथे धरा, आणि तक्रारीचं बटण कन्नडसोबत मराठीतही द्यायला लावा.