फोनवरचा माणूस

रुग्णवाहिकेचा विषय निघाला की गाडी किती वेळात आली, एवढेच आपण विचारतो. ती येईपर्यंत फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण होते, त्याला काय शिकवले होते, हे कुणी विचारीत नाही. मला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. हृदय बंद पडले की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आमच्या वाडीला अजून धड सडक नाही. तिथे चार मिनिटांत कसली गाडी पोचणार? पोचू शकतो तो फक्त आवाज.

अमेरिकेत ९११ वरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातील हेलीव्हिल गावी झाला. पण केवळ पत्ता लिहून गाडी धाडणे पुरेसे नाही, हे हळूहळू ध्यानात आले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी कार्डे तयार केली. कोणत्या तक्रारीला काय विचारायचे, गाडी येईतो काय करायला सांगायचे, ते त्यांत क्रमवार होते. पुढे काही राज्यांनी हे शिक्षण कायद्यात आणले. विस्कॉन्सिनने २०१८ साली फोनवरून छाती दाबायला शिकवण्याविषयी कायदा केला. तरीही साऱ्या देशाला एक नियम नाहीच. राज्य बदलले की अट बदलते. आणि गंमत पाहा, २०१८ च्या तिथल्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात ही माणसे कार्यालयीन कामाच्या गटात बसवली आहेत. जीव वाचवणारा कारकून!

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असावा, ही सोय फार चांगली. पण फोन घेणाऱ्याचे शिक्षण हा निराळाच विषय आहे, आणि तो निम्मा वैद्यकाचा, निम्मा भाषेचा आहे.

माझ्या आईला अक्षरओळख नाही. कुणाला साप चावला तर ती सापाचे नाव घेणार नाही. ‘पान लागलं’ म्हणेल. शहरात वाढलेल्या मुलाला यावर पानतंबाखू आठवेल! पत्ता विचारला तर ‘वडाच्या अंगाला, म्हसोबाच्या म्होरं’ असे सांगेल. तिला पिनकोड विचारून काय उपयोग? त्याहून बिकट शब्द ‘घरघर’. माणूस अचानक कोसळला, शुद्ध नाही, अधूनमधून आचके देतोय, की आमच्याकडे ‘घरघर लागली’ म्हणतात आणि तोंडात पाणी घालायला धावतात. कारण आमच्या लेखी तो गेलाच. शिकलेला कान मात्र ओळखतो, की हा खरा श्वास नव्हे, आणि वेळ अजून गेलेली नाही. तो म्हणेल, ‘मावशी, पाणी घालू नका. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवा, दोन इंच दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मी मोजतो, तुम्ही दाबा.’ हे ऐनवेळी सुचत नाही, घोटून घ्यावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे की, हे शिक्षण किती तासांचे, परीक्षा कोण घेणार, दर किती वर्षांनी पुन्हा घेणार, हे राज्याने कायद्याने ठरवावे. सेवा चालवणाऱ्या कंत्राटदाराच्या मर्जीवर ते सोडू नये. यावर कुणी म्हणेल, प्रमाणपत्र आले की खाजगी वर्ग निघतील, फी उकळतील. भीती खरी आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. फी या शब्दाचे वजन मला कुणी सांगायला नको. म्हणून हा अभ्यासक्रम सरकारी रुग्णालयांतून, विनाशुल्क हवा, आणि पदवीची अट नको. बारावी झालेली, बोली समजणारी मुलेमुली पुरे आहेत.

‘आर्ट्सवाल्यांना काय येतं?’ असे आपल्याला वरचेवर ऐकवले जाते. आपल्याला ऐकता येते, निदान यायला हवे. या परीक्षेत लेखी पेपर हवा तर ठेवा, पण तोंडीला परीक्षक म्हणून डॉक्टरांच्या शेजारी आमच्या वाडीतली एखादी म्हातारी बसवा. गुण तिने द्यावेत.