सातबारा खरा, पण धान कोणाचे?



चिमूरच्या बैठकीत यंदा एकच विषय पुन्हा पुन्हा निघाला, म्हणून तो इथे मांडतो आहोत. आधारभूत केंद्रावर धान नेण्याआधी करावी लागणारी नोंदणी. सरकार म्हणते, पैसा जनतेचा आहे. विकणारा खरा शेतकरी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय चुकारा करता येणार नाही. आम्ही म्हणतो, अगदी बरोबर. बैलबाजारात जोडी घेताना आपण बैलाचे दात पाहतो, विकणाऱ्याचे गाव विचारतो, दाखला घेतो आणि मगच पैसे मोजतो. अनोळखी माणसाकडून माल घेताना हे करायलाच हवे. आमचे भांडण तपासणीशी नाही. तपासणी कशाची होते, कोणाची होते आणि कोणाची मुळीच होत नाही, याच्याशी आहे.

तपासतात काय? सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक. सातबारा सामायिक असेल तर सगळ्या भावांचे संमतीपत्र. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद. त्यासाठी मोबाईल घेऊन धुऱ्यावर उभे राहायचे, बांधीचा फोटो काढायचा आणि रेंज यायची वाट पाहायची. ज्या धुऱ्यावर वाघाच्या भीतीने माणूस एकटा जात नाही तिथे हे करायचे! मग केंद्रावर जाऊन स्वतःचा फोटो. म्हातारे माणूस असेल तर त्याला मोटारसायकलवर मधे बसवून न्या. एवढ्या कागदांत धान कुठे आहे? एकाही कागदावर कुणी येऊन पुंजणे मोजल्याची खूण नाही.

आणि या चाळणीतून गळतो कोण? ज्याने खरोखर धान रोवले तोच. बटईने, मक्त्याने शेती करणाऱ्याच्या नावाने सातबारा नसतोच. बी त्याचे, पऱ्हे त्याचे, रोवणीची मजुरी त्याने दिली, पण विकणारा म्हणून तो सरकारच्या लेखी जन्मलाच नाही. वनहक्काचा पट्टा मिळालेल्यांचे तेच. २००६ च्या कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे दिला; पण सातबाऱ्यावर नीट नोंद झाली नसेल तर संगणकापुढे त्या पट्ट्याला कागदाची किंमत नाही. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, पासबुकात तिसरे, असे तर घरोघरी आहे. चूक लिहिणाऱ्याची, फेऱ्या आपल्या. तोवर हलके धान चुरून झालेले असते, दिवाळी तोंडावर असते, दुकानदाराची उधारी दारात उभी असते. मग धान जाते व्यापाऱ्याकडे. २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव २३६९ रुपये. व्यापारी क्विंटलमागे तीनशे रुपये कमी देतो असे धरा. वीस क्विंटल विकणाऱ्या घरातून सहा हजार रुपये गेले, ते केवळ एक अक्षर जुळले नाही म्हणून.

आता त्या धानाचे पुढे काय होते ते पाहा. व्यापारी ते खात बसत नाही. त्याच्याकडे सातबाऱ्यांचा गठ्ठा तयार असतो. कुणी सोयाबीन पेरलेले, कुणी नागपूरला राहणारे, कुणी पड ठेवलेले. सगळ्यांचे कागद एकदम चोख, कारण खोट्याला कागद जमवण्याशिवाय दुसरे काम नसते. आपलेच धान दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रावर चढते आणि हमीभाव घेऊन परत येते. याहून मोठे कलाकार तर धान आणतच नाहीत, नुसते वहीत आणतात. २०२५ साली कुरखेडा तालुक्यात धान खरेदीतल्या कोट्यवधींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला. एवढे आधार, एवढे फोटो, एवढे पासवर्ड असताना धान गायब होते. मग तपासणी नेमकी कोणाला अडवते?

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. पूर्वी बोनस क्विंटलमागे होता. त्यात व्यापाऱ्यांचे आणि परराज्यातले धान शेतकऱ्याच्या नावाने येते, असे कारण सांगून तो हेक्टरी केला. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला हेक्टरी २० हजार, दोन हेक्टरांपर्यंत, धान केंद्रावर विको न विको. म्हणजे धानाऐवजी नोंदणीच पिकू लागली! रोग ओळखला, औषध दुसऱ्याच रोगाचे दिले.

इथे स्वतःकडेही बोट दाखवायला हवे. व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यातले सातबारे आभाळातून पडत नाहीत. क्विंटलमागे काही रुपये मिळतात, ओळखीचा माणूस आहे, नाही कसे म्हणायचे, म्हणून ते आपणच देतो. पासबुकही देतो, अंगठाही देतो. उद्या चौकशी लागली की खाते आपले, सही आपली, आणि व्यापाऱ्याचे नाव कुठेच नाही. शेजाऱ्याचे धान ज्या सातबाऱ्यावर लुटले गेले तो आपल्या घरातून गेला असेल, तर सरकारच्या नावाने शंख करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. हे कडू आहे, पण आमच्या बैठकीतही याच मुद्द्यावर काही माना खाली गेल्या.

एवढा कडक न्याय सगळ्यांना एकसारखा असता तर आम्ही अर्धी तक्रार मागे घेतली असती. २०२० च्या केंद्राच्या व्यापार कायद्यात आपला माल विकत घ्यायला येणाऱ्याकडे काय असावे लागत होते? एक पॅन कार्ड. तो कायदा २०२१ साली रद्द झाला, पण खरेदीदाराची ऐपत पाहायची कुणाची जबाबदारी, हा प्रश्न तिथेच राहिला. कापसाचे पाहा. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची झाली आणि मुदत वाढवत वाढवत न्यावी लागली. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले होते. त्या गाठींना कुणी विचारले नाही की तुमच्या धुऱ्यावरचा फोटो कुठे आहे. चिमूरच्या कापसाने स्वतःची ओळख पटवायची, परदेशच्या कापसाने बंदरात उतरायचे.

मग करायचे काय? धान कोणाचे हे गावाला माहीत असते. कोणाच्या बांधीत रोवणी झाली, कोणाची पडली, कोणी मक्त्याने केली, हे सांगायला उपग्रह लागत नाही. खरेदी सुरू होण्याआधी नोंदणीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा. नाव, क्षेत्र, पीक, अंदाजे क्विंटल. ज्याचे चुकले ते तिथेच दुरुस्त करा, ज्याचे खोटे आहे ते तिथेच उघडे पडेल. वनहक्काचा दावा तपासण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन दिले. जी ग्रामसभा जंगल तपासू शकते तिला धानाची यादी तपासता येत नाही, असे कोण म्हणतो ते आम्हाला ऐकायचे आहे. गावातही दडपण असते, पाटीलकी असते, हे आम्ही जाणतो. म्हणून वाचलेली यादी संस्थेच्या फलकावर लागली पाहिजे आणि हरकतीला लेखी उत्तर मिळाले पाहिजे.

मक्त्याने करणाऱ्याची नोंद मालकाच्या ग्रामसभेतल्या संमतीने व्हावी. एकदा झालेली नोंदणी दर हंगामाला मुळापासून नको, बदल तेवढाच नोंदवा. आणि एवढे तपासून घेतल्यावर चुकाऱ्याला कारण उरत नाही. उसाला १९६६ च्या आदेशाने १४ दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. कारखाने ते किती पाळतात हा वेगळा विषय, पण निदान मागायला कागद आहे. धान घालणाऱ्याला तेवढाही नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन याद्या आणाव्यात. एक, धान असून ज्यांची नोंदणी झाली नाही त्यांची, अडलेल्या कागदासह. दुसरी, नोंदणी आहे पण बांधीत धान नव्हते त्यांची. दुसरी यादी करताना आपल्या भावकीतली नावे गाळू नयेत.