मूल न होण्याचं कारण पेशीतल्या ‘दुरुस्ती’त असू शकतं का?

शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावी लग्नानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की आधी सुनेला दवाखान्यात नेलं जातं. मग नवस, उपास, धुळे, नाशिक, सुरत. नवऱ्याच्या वीर्यतपासणीची वेळ अनेकदा सगळ्यात शेवटी येते. खरं तर मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं. त्यातलं एक कारण समजून घेऊ.

पेशी स्वतःचाच डीएनए का तोडते?

शुक्राणू आणि स्त्रीबीज अर्धगुणसूत्री विभाजनातून, म्हणजेच मियोसिसमधून तयार होतात. त्यात ४६ गुणसूत्रांची २३ होतात. त्याआधी आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं जोडीनं जवळ येतात. ‘स्पो-११’ नावाचं प्रथिन डीएनए अनेक ठिकाणी मुद्दाम तोडतं. मग ‘आरएडी-५१’, ‘डीएमसी-१’, ‘बीआरसीए-२’, ‘एमएसएच-४’ अशी प्रथिनं ते तुकडे पुन्हा जोडतात. या जोडणीतच काही भागांची अदलाबदल होते. म्हणूनच सख्खी भावंडंही सारखी नसतात.

दुरुस्ती चुकली तर?

पेशी पुढे जात नाही, नष्ट होते. पुरुषाच्या वीर्यात मग एकही शुक्राणू सापडत नाही. तब्येत, ताकद, शरीरसंबंध सगळं ठीक असतं, त्यामुळे शंकाही येत नाही.

बाईच्या बाबतीत ही तोडजोड ती स्वतः आईच्या पोटात असतानाच होते. त्यात बिघाड असेल तर चाळिशीच्या आतच पाळी थांबू शकते. तिच्या खाण्यापिण्याचा किंवा शेतातल्या कामाचा त्यात दोष नसतो. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या, सुमारे २ लाख स्त्रियांच्या अभ्यासातही पाळी जाण्याचं वय ठरवण्यात डीएनए दुरुस्तीच्या जनुकांचा मोठा वाटा दिसला.

हे घराण्यात येतं का?

यातले बरेच दोष आई आणि वडील दोघांकडून आले तरच त्रास देतात. म्हणून मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत धोका वाढतो. ‘टेक्स-११’ हे जनुक मात्र एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे त्यातला दोष मुलाला आईकडूनच मिळतो.

मग करायचं काय?

पहिल्याच फेरीत दोघांची तपासणी करा. वीर्यतपासणी साधी आणि तुलनेनं स्वस्त असते. शुक्राणू नसतील, तर वाट अडली आहे की ते तयारच होत नाहीत, हे डॉक्टरांना विचारा. वाट अडली असेल तर शुक्राणू बाहेर काढता येतात. मियोसिसच थांबलं असेल तर ते मिळण्याची शक्यता फार कमी असते. अशा वेळी जनुकीय तपासणी आधी केली तर वायफळ शस्त्रक्रिया आणि कर्ज टळू शकतं. हा दोष दुरुस्त करणारं औषध आज नाही. तसा दावा करणाऱ्यापासून सावध राहा.

दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक मूल हे मार्ग खुले आहेत. २५ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. पैसे भरण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागा.